मटण कमी करा, पण त्याजागी पनीर आणू नका

प्रश्न औसा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्या सध्या पुण्यात नोकरी करतात. मांसाहारामुळे पृथ्वी तापते असं वाचून त्यांनी चार महिन्यांपासून मांस सोडलंय. घरी आई-बाबा, आजी आणि भाऊ खातात. बाबांकडे 14 उस्मानाबादी शेळ्या आहेत. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: आमच्यासारख्या एका घरानं मांस कमी केलं तर खरंच काही फरक पडतो का? बाबांनी शेळ्या विकून टाकाव्यात का? आणि मांसाऐवजी खायचं काय?

ताई, मी 31 वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत काम केलं. आधी उत्तरं सांगतो, कारणं मागून. फरक पडतो. शेळ्या विकू नका. मांसाऐवजी डाळ आणि उसळ खा, पनीर नको. या तिन्ही उत्तरांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे जनावरानं काय खाल्लं.

हा सगळा वाद ज्या वायूवरून चाललाय तो मी हातानं सोडलाय. खळ्यावर सांडलेली ज्वारी खाऊन म्हैस फुगते, डावी कूस ढोलासारखी ताणते, जनावर जीभ काढून धापा टाकायला लागतं. नळीनं भागलं नाही तर कुशीत ट्रोकार, म्हणजे आत सुई असलेली नळी, घालावा लागतो. सुई काढली की नळीतून फुस्स आवाज करत वायू सुटतो आणि आंबूस वास गोठाभर पसरतो. एकदा अशाच वेळी बाजूला उभ्या असलेल्या आजोबांनी बिडी काढली. मी ओरडूनच त्यांना बाहेर पाठवलं, कारण तो वायू पेट घेतो. त्यात मोठा वाटा मिथेनचा असतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात सूक्ष्मजीव कडबा आंबवतात, त्यातून मिथेन तयार होतो आणि निरोगी जनावर तो दिवसभर ढेकरेतून बाहेर टाकतं. माणसाला न पचणारा कडबा जनावर पचवतं, त्याची ही किंमत आहे.

100 वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 27 पट उष्णता अडवतो. हवेत तो साधारण 12 वर्षंच टिकतो. म्हणून तो आज कमी केला तर त्याचा परिणाम आपल्या हयातीत दिसतो. हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय हिशोबात आपल्याकडच्या म्हशीसाठी वर्षाला 55 किलो मिथेन धरतात, शेळीसाठी 5 किलो. पेट्रोलच्या भाषेत सांगतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या मापानं एक म्हैस म्हणजे वर्षाला साधारण 640 लिटर पेट्रोल आणि एक शेळी म्हणजे 58 लिटर. बाबांच्या 14 शेळ्या मिळून सव्वा म्हशीएवढ्या होतात.

आता तुम्ही वाचलेल्या आकड्यांकडे येऊ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2013 मध्ये सांगितलं की माणसामुळे होणाऱ्या उत्सर्जनापैकी 14.5 टक्के पशुपालनातून येतं. 2018 मध्ये 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांचा हिशोब एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. त्यातून निघालेली जगाची सरासरी अशी: मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या एक किलो मांसामागे जवळपास 100 किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन, मेंढी-शेळीच्या मटणामागे 40, कोंबडीमागे 10, अंड्यांमागे पाचच्या आत, दुधामागे तीन-सव्वातीन आणि डाळी-कडधान्यांमागे एक ते दोन किलो. 100 चा तो आकडा बहुतेक ठिकाणी भीती घालायला वापरतात. त्यात अॅमेझॉनचं जंगल साफ करून केलेली कुरणं आहेत, मका चारून वाढवलेले कळप आहेत. आपल्या राज्यात गायीसोबत बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला 2015 पासून बंदी आहे. तेव्हा औशाच्या घरासाठी तो आकडा कामाचा नाही. कामाचे आहेत 40, 10, सव्वातीन आणि दोन.

ते धरून एका घराचा हिशोब मांडू. पाच माणसं. दर रविवारी एक किलो चिकन, महिन्याला एक किलो मटण, रोज दोन लिटर दूध. चिकनचे वर्षाला 52 किलो, म्हणजे 520 किलो उत्सर्जन. मटणाचे 12 किलो, म्हणजे 480. आणि दूध 730 लिटर, म्हणजे 2,300 च्या वर. हे जगाच्या सरासरीवर आहे, आपल्या गोठ्यात थोडं इकडं-तिकडं होईल. पण चित्र स्पष्ट आहे. मटण-चिकन दोन्ही मिळून जेवढं होतं त्याच्या दुपटीहून जास्त एकट्या दुधाचं होतं. कमी दूध देणाऱ्या जनावरात तर लिटरमागचा वाटा आणखी वाढतो, कारण जनावर स्वतः जगायला जेवढा चारा खातं त्याचा सगळा वायू त्या दोन-तीन लिटरवरच पडतो.

दूध बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही. लेकरांना, म्हाताऱ्यांना, पोटुशी बाईला दूध लागतंच. माझा मुद्दा पनीरचा आहे. एक किलो पनीरला म्हशीचं पाच लिटर दूध लागतं, गायीचं सहा-सात. म्हणजे एका किलोमागे 16 किलोच्या वर गेलं, कोंबडीच्या दीडपटीहून जास्त. गेल्या दहा-पंधरा वर्षांत लातूर-नांदेडच्या धाब्यांवर आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत शाकाहारी म्हणजे पनीर असं समीकरण झालंय. पुण्यात राहणारी मुलगी मांस सोडते तेव्हा हॉटेलात तिच्यापुढे दुसरं काय येतं? पनीर टिक्का, पनीर मसाला, चीज घातलेलं सँडविच. चार महिने तुम्ही चिकनऐवजी हे खाल्लं असेल, तर पर्यावरणाच्या खात्यावर काही जमा झालेलं नाही, उलट थोडं देणंच वाढलंय. हे टोचून सांगत नाही. तुमचा हेतू मनापासून आहे हे प्रश्नावरून कळतं, म्हणूनच तो वाया जाऊ नये असं वाटतं.

मग खायचं काय? तर आपल्याच काळ्या रानातलं. 100 ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, कच्च्या चिकनमध्येही साधारण तेवढीच. डाळीच्या प्रथिनांत एक उणीव असते, ती ज्वारीची भाकर भरून काढते. ज्वारीत जे कमी ते डाळीत भरपूर. आपल्या आज्यांनी वरण-भाकर, हरभऱ्याचं पिठलं, मटकीची उसळ अशी जोडी उगाच लावलेली नाही. तूर, मूग, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरून ठेवणारे जिवाणू असतात. त्यामुळे युरिया कमी लागतो आणि युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइडही कमी होतो. तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ 270 पट तापवणारा आहे. तुरीचं मूळ खोल जातं, पाऊस ताणला तरी ती तग धरते. बदनापूरच्या संशोधन केंद्रानं काढलेला बीडीएन-711 हा लवकर येणारा वाण आज मराठवाड्यात सगळीकडे दिसतो तो याच कारणासाठी.

येळवस आठवा. लातूर-धाराशिवचं माणूस कुठंही असो, वेळा अमावस्येला रानात येतंच. भज्जी, आंबील, सजगुऱ्याचे (बाजरीचे) उंडे, खीर. त्या भज्जीत ओली तूर, ओला हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, वर बेसन. अख्खं शिवार त्या एका पातेल्यात असतं आणि त्यात मांसाचा तुकडाही नसतो. कमी मांस खाणं म्हणजे कोरडं, दुबळं जेवण असं ज्याला वाटतं त्याला येळवशीला न्यावं.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून बजावतो, जनावरांचा असलो तरी. मांस पूर्ण सोडलं असेल तर बी-12 जीवनसत्त्वाकडे लक्ष द्या. ते वनस्पतीतून मिळत नाही. दूध, दही, अंडी चालू ठेवा आणि एकदा रक्त तपासून घ्या. आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. ज्या घरात आठवड्यातून एकदा अंडं किंवा पावशेर मटण येतं, तिथं पर्यावरणाचं कारण सांगून ते लेकरांच्या आणि बायकांच्या ताटातून काढू नका. कमी करायचंय ते ज्याच्या घरात भरपूर येतं त्यानं. आणि मांस खाण्यावरून कुणाची जात-धर्म काढणाऱ्यांच्या हातात हा विषय देऊ नका. मी अशा बैठका पाहिल्यात. तिथं पृथ्वीचं नाव घेतलं जातं आणि नेम शेजाऱ्यावर असतो.

आता शेळ्या. याबद्दल मला जास्त बोलायचंय.

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्या वर्षी मी चारा-छावण्यांवर फिरत होतो. म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला 60-70 लिटर पाणी लागतं, शेळीचं चार-पाच लिटरवर भागतं. छावणीत गायी-म्हशींना उसाचे वाढे घालत होते. नुसत्या वाढ्यांवर जनावर फार दिवस ठेवलं की त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातलं कॅल्शियम उतरतं, जनावर बसतं, उठता उठत नाही. अशी कितीतरी जनावरं मी सलाईन लावून उठवली. आणि छावणीच्या बाहेर, ओढ्याच्या काठाला, एक बाई बांबूच्या आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडत होती आणि तिच्या सहा शेळ्या त्या कुरतडत होत्या. काळ्या, तकतकीत, एकीच्या मागं दोन करडं. ती म्हणाली, "सायेब, म्हस दिली इकून. ह्यास्नी कोन इकल? ह्यांचं काय लागतंय मला?" खरंच काही लागत नव्हतं. बाभूळ, बोर, हिवर, बांधावरचं तण, तुरीचं भुसकट. माणसानं खावं असं त्यात काहीच नव्हतं.

शेळी आणि फार्मवरची कोंबडी यांत मी फरक करतो तो इथं. कोंबडीचा किलोमागचा आकडा कमी आहे, ती रवंथ करत नाही, हे खरं. पण तिचं खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीन पेंड. दोन किलोचा पक्षी साडेपाच-सहा आठवड्यांत तयार होतो आणि तेवढ्यात सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य खातो. म्हणजे एक किलो मांसाला सव्वादोन-अडीच किलो खाद्य. 100 किलो सोयाबीनमधून 18 किलोच्या आसपास तेल निघतं, बाकी 80 किलो पेंड, आणि तिचा मोठा गिऱ्हाईक कोंबडीच. लातूरच्या आडतीवर सोयाबीनचे ढीग दिसतात, त्यांच्या मागं देशभरातल्या कोंबडीघरांची भूक आहे. आज देशात तयार होणाऱ्या मांसापैकी निम्म्याच्या आसपास कोंबडीचं आहे. आपल्याकडे मूग-उडदाचं रान सोयाबीनखाली गेलं त्याचं हे एक कारण. म्हणून मराठवाड्यातल्या घराला मी सांगतो की कमी करायचंच असेल तर सुरुवात दर रविवारच्या, आणि आता बुधवार-शुक्रवारच्याही, चिकनपासून करा.

शेळी मात्र डाळीच्या उरल्यासुरल्यावर जगते. तूर आपण खातो, भुसकट ती खाते. डाळ मिलमधून निघालेली चुनी ती खाते. हरभऱ्याचं काड ती खाते, सोयाबीनचं काडसुद्धा, जे लोक रानात पेटवून देतात. वर लेंडीखत मिळतं. मेंढ्या बसवलेल्या रानाचं पीक ज्यानं पाहिलंय त्याला त्याची किंमत सांगावी लागत नाही. आपलं रान जेवढं भुसकट आणि पाला देतं तेवढ्या शेळ्या, आणि तेवढ्याच शेळ्यांचं मटण, हे प्रमाण मला योग्य वाटतं. पूर्वी ते तसंच होतं. जत्रा, कंदुरी, बकरी ईद, पाहुणा आला तर. बोकड कापला की गावात वाटे पडायचे आणि मुंडी, पाय, वजडी, रक्ती काहीही वाया जात नव्हतं. श्रावण पाळायचा, घरातल्या दोघा-तिघांच्या गळ्यात माळ असायची. ते प्रमाण मोडलं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत.

शेळीचा दोष लपवत नाही. मोकाट शेळी उगवतं रोप शिल्लक ठेवत नाही. बालाघाटच्या डोंगरावर पाणलोटाची कामं झाली, झाडं लावली आणि दोन उन्हाळ्यांत कळपांनी खाऊन टाकली, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारच्या अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदीबरोबर चराईबंदी केली ती यासाठीच. बाबांच्या शेळ्या डोंगरावर जात असतील तर त्या थांबवा आणि अर्धबंदिस्त करा, म्हणजे थोडा वेळ चराई आणि बाकी गोठ्यात चारा. बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावा, पाच-सहा गुंठ्यांत दशरथ घास. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या पुढं नको, जास्त झाली तर केस झडतात.

आणि आता असं काम, जे मांस सोडण्याइतकंच मोठं आहे पण कुणाच्या बोलण्यात येत नाही. उस्मानाबादी शेळी जुळी देते, दोन वर्षांत तीनदा विते. म्हणजे नीट सांभाळली तर वर्षाला सरासरी तीन करडं. 25 किलोच्या बोकडाचं साधारण 12 किलो मटण पडतं. आई वर्षाला 5 किलो मिथेन सोडणार म्हणजे सोडणारच, तो झाला 135 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा. तिची तिन्ही करडं जगली तर तो 36 किलो मटणावर वाटला जातो, किलोमागे पावणेचार. एकच जगलं तर 12 किलोवर, किलोमागे सव्वाअकरा. करडाचा स्वतःचा वायू वेगळा. शेळी तीच, चारा तोच, पण आईच्या वाट्याचा भार तिप्पट.

करडं मरतात ती बहुतेक टाळता येणाऱ्या कारणांनी. पहिल्या तासात चीक पाजला जात नाही. लोकांना वाटतं जार पडल्याशिवाय पाजू नये. पाजा, लगेच पाजा, नाळेला आयोडीन लावा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंताचं औषध. गोठ्याची जमीन कोरडी, करडांना थंडीत गोणपाटाचा आडोसा. कडबा अख्खा टाकू नका, कुट्टी करा. अख्खा टाकला तर बराचसा पायाखाली जातो. एवढं केलं तर बाबांना 14 च्या 20 शेळ्या कराव्या लागणार नाहीत, 10 वरही आजच्याइतकं उत्पन्न निघेल. शेळ्या विकण्यापेक्षा शेळ्या कमी आणि चांगल्या करणं हे पर्यावरणाचं काम आहे, आणि त्यात घरही मोडत नाही.

राहता राहिला ऊस. तुम्ही विचारलं नाही, पण औशाचं नाव आलं म्हणून सांगतो. आपल्याकडे वर्षाला 600 ते 800 मिलिमीटर पाऊस, उसाला लागतं 2,000 मिलिमीटरहून जास्त. घरात मटण बंद करायचं आणि रानात बोअरच्या पाण्यावर ऊस ठेवायचा, यात पाण्याचा हिशोब जुळत नाही. शेळीचं पाणी मुख्यतः पावसाचं असतं, पाल्यातून आलेलं. उसाचं जमिनीखालून उपसलेलं असतं. भाऊ शेती बघत असेल तर हा विषय त्याच्याशी शांतपणे काढा.

घरात काय बदल करावा याचा माझा सल्ला असा. चिकन आठवड्यावरून पंधरवड्यावर आणा. मटण सणावाराला, गावातल्याच बोकडाचं, वाट्याचं. मधल्या रविवारी आईला मसाला-वाटण तेच घालून हरभऱ्याची किंवा मसुराची उसळ करायला सांगा. काळा मसाला तोच असला की भावाचं निम्मं कुरकुरणं बंद होतं, हा माझ्या घरचा अनुभव आहे. जावळ, वाढदिवस, नव्या ट्रॅक्टरच्या पार्टीत 300 माणसांचा स्वयंपाक होतो आणि उरलेलं सकाळी उकिरड्यावर जातं. तिथं एक बोकड कमी कापा म्हणून सांगायचं धाडस करा. आणि पुण्यात तुम्ही स्वतः पनीरच्या जागी राजमा, छोले, डाळतडका मागवा.

एक माहिती मला हवी आहे. बाबांना विचारा, मागच्या वर्षभरात किती शेळ्या व्यायल्या, किती करडं जन्मली आणि त्यातली किती विक्रीपर्यंत जगली. लिहिलेलं नसेल तर आईला विचारा, तिच्या लक्षात असतंच. करडं कोणत्या महिन्यात आणि कशानं गेली, हगवण, खोकला की अचानक, तेही कळवा. त्यावरून कोणती लस चुकली आणि गोठ्यात काय बदलायचं ते नेमकं सांगता येईल.